मापाच्या कुर्त्यापासून पॅटर्नपर्यंत

टेलरकडे ब्लाऊज टाकताना आपण काय करतो? कापडाबरोबर पिशवीत मापाचा ब्लाऊज ठेवतो, "बाही इंचभर लांब, बाकी सेम" एवढं सांगतो आणि निघतो. पुढचं सगळं मास्तरांच्या डोक्यात असतं. घरी मशीन घेऊन बसलं की ते डोकं जवळ नसतं, तिथे पॅटर्न लागतो. पॅटर्न म्हणजे कपड्याच्या एकेका तुकड्याचा कागदी आकार: पुढचा भाग, पाठ, बाही, गळ्याची पट्टी. तो कापडावर ठेवून बेतायचं, कापायचं आणि खुणा जुळवून जोडायचं.

आपल्या शिवणक्लासमध्ये तयार पॅटर्न घेण्याची पद्धत नाही. तिथे मापं घेऊन ब्राऊन पेपरवर स्वतः आकृती काढायला शिकवतात. छातीचा चौथा भाग, त्यात ढील (अंगापेक्षा जादा ठेवलेली मोकळी जागा), त्यात माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड), असा हिशेब करत मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईपर्यंत जायचं. ती विद्या पक्की आहे, पण हातात यायला काही महिने जातात. तोवर स्वतःसाठी एक कुर्ता शिवून घालायचा असेल तर तयार पॅटर्न सोपा पडतो. बहुतेक तयार पॅटर्न अमेरिका-युरोपातून येतात, पाकिटात किंवा पीडीएफच्या रूपात. त्यांची भाषा, आकडे आणि गृहीतकं आपल्यापेक्षा वेगळी असतात. नवख्यांचं बहुतेक कापड वाया जातं ते तिथेच.

खाली एकच उदाहरण धरून चालते: बाह्यांचा, खाली जरा घेर असलेला साधा कुर्ता. अंगाची मापं छाती ३८, कंबर ३३, सीट (नितंबांचा घेर) ४२ इंच.

आधी कपाट उघडा

पॅटर्न शोधायच्या आधी तुमचा सगळ्यात आवडता, नीट बसणारा कुर्ता काढा. ताणणाऱ्या कापडाचा नको, साधा सुती बघा. जमिनीवर सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. समजा २१ इंच आलं. दुप्पट केलं की ४२. अंगाची छाती ३८, कुर्त्याची ४२. मधले ४ इंच म्हणजे तुम्हाला आवडणारी ढील. कोणी याला लूज म्हणतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. त्याच कुर्त्याची कंबर, सीट, खांद्यापासूनची लांबी, दोन खांद्यांच्या शिवणींमधलं अंतर आणि बाहीचा दंडाजवळचा घेरही टिपून घ्या.

पॅटर्नवरचं चित्र फसवतं, हा कुर्ता फसवत नाही. माझ्या मते नवशिक्यासाठी याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही, आणि फुकटही आहे.

मग अंगाची मापं

ही दुसऱ्या कुणाकडून तरी घेऊन घ्या. स्वतःच स्वतःची मापं घेताना हात वर जातो आणि टेप पाठीवर खाली घसरते. छाती सगळ्यात भरलेल्या जागी मोजायची, टेप पाठीवरही आडवी राहिली पाहिजे. वरची छाती वेगळी, काखेलगत. कंबरेला आधी नाडी किंवा दोरा बांधा आणि थोडं वाका-वळा. दोरा जिथे जाऊन थांबतो ती तुमची कंबर, सलवार बांधता ती जागा नव्हे. सीट सगळ्यात रुंद जागी. शेवटी मानेच्या मागचं टोचणारं हाड ते हा दोरा, ही पाठीची लांबी. ती बहुतेक जण सोडून देतात आणि नंतर कुर्त्याची कंबर भलतीकडेच का आली म्हणून कोड्यात पडतात.

एक सावधगिरी. टेलरच्या वहीतली ब्लाऊजची मापं इथे वापरू नका. ब्लाऊज अंगाला चिकटून शिवायचा असतो, म्हणून ती मापं घट्ट धरलेली असतात.

साइझच्या आकड्याचा घोळ

दुकानात तुम्ही एम घेता की एल, ते विसरून जा. पॅटर्नचा आकडा वेगळ्याच हिशेबाने चालतो. अमेरिकी पाकिटांवर १२ नंबर म्हणजे छाती ३४, कंबर साडेसव्वीस, सीट ३६ इंच. १६ नंबर म्हणजे ३८, ३०, ४०. १८ नंबर म्हणजे ४०, ३२, ४२. तयार कपड्यांत मध्यम साइझ घालणारी बाई इथे १६ वर जाते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तो आकडा कपड्याच्या आत कुठे शिवलेला नसतो.

जर्मन पॅटर्नमध्ये याहून मोठा खड्डा आहे. बुर्डा या जर्मन पॅटर्नच्या मासिकाचा ३८ नंबर बघून आपल्याला वाटतं, अरे वा, माझी छाती ३८च आहे. पण तो ३८ इंचांचा नाही. बुर्डाच्या तक्त्यात ३८ नंबरला छाती ८८ सेंटिमीटर आहे, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या थोडं पुढे. ३८ इंच म्हणजे साधारण साडेशहाण्णव सेंटिमीटर, त्यासाठी ४२ नंबर बघावा लागतो. हा नुसता आकड्याचा योगायोग कित्येकींना कापड कापल्यावर कळतो.

आपल्या उदाहरणाचा हिशेब अमेरिकी तक्त्यावर मांडू. छाती ३८ म्हणून १६. सीट ४२ म्हणून १८. कंबर ३३ तर १८ च्याही थोडी पुढे. आता काय घ्यायचं? दोन्ही घ्यायचे. हल्ली एकाच कागदावर पाच-सहा साइझच्या रेषा एकात एक छापलेल्या असतात. खांदा, गळा, मुंढा १६ च्या रेषेवर काढायचा आणि काखेच्या खाली हळूहळू सरकत कंबरेला १८ ची रेषा गाठायची. मधे कोपरा दिसता कामा नये, पेन्सिल लांब, सौम्य वळणाने न्या. कुर्ता कंबरेला सैलच असल्यामुळे वरचा एखादा इंच त्यात मुरून जातो. अंगाला बसणारा ड्रेस असता तर नसता मुरला.

या साइझच्या रेषा आपण गृहीत धरतो, पण त्या कायम नव्हत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या साइझमध्ये कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. त्याआधी मिळणारे पॅटर्न सहसा एकाच मापाचे असत आणि घरच्या बाईने ते आपापल्या अंदाजाने लहान-मोठे करायचे.

छातीबद्दल अजून एक. वरची छाती आणि भरलेली छाती यांत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर वरच्या छातीच्या आकड्यावरून साइझ निवडा आणि पुढच्या भागात, टकजवळ (आकार देण्यासाठी शिवलेल्या पाचरीसारख्या घडीजवळ), जादा जागा द्या. कारण साधं आहे. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणं अवघड, पुढच्या भागाची रुंदी वाढवणं त्यामानाने सोपं. भरलेल्या छातीवरून मोठा साइझ घेतला तर खांदे उतरतात आणि गळा उघडा पडतो. आपल्याकडे "रेडीमेड मला कधी बसतच नाही" म्हणणाऱ्या निम्म्या जणींचं दुखणं हेच असावं.

चित्र बाजूला, रेखाचित्र पुढे

पाकिटावरची मॉडेल उंच, उभी राहण्याची ढब खास, मागे पिना लावलेल्या असू शकतात. तिच्याकडे बघू नका. पाकिटाच्या मागे किंवा पीडीएफच्या पहिल्या पानावर कपड्याचं काळ्या रेषांचं साधं चित्र असतं. त्यात सगळी शिवण दिसते: टक किती, मागे चेन आहे का, बाही मुंढ्यात जोडलेली आहे की अंगाबरोबरच कापलेली, पाठीला मधे जोड आहे का. प्रत्येक रेषा म्हणजे तुमची एक संध्याकाळ, असं समजून मोजा.

"सोपा" हा शब्द छापणारा त्याच्या हिशेबाने छापतो. मी तुकडे मोजते. पाच-सहा तुकडे असतील आणि कॉलर, चेन, काज-बटण यांपैकी काही नसेल तर पहिल्यांदा घ्यायला हरकत नाही. इलास्टिकचा पायजमा, काफ्तान, अंगाबरोबर बाही असलेला कुर्ता, सगळे चालतात. मुंढ्यात बसवायची बाही दुसऱ्या कपड्याला ठेवली तर बरं, पण धीर असेल तर पहिल्यालाही जमते. शर्ट नको. कॉलर आणि कफ दोन्ही पहिल्याच वेळी म्हणजे पोहायला शिकताना विहिरीत उडी.

(बाळाचं झबलं शिवायचं असेल तर पॅटर्न शोधतच बसू नका. आजीला विचारा. ती घडी घालून कात्री चालवेल आणि पाच मिनिटांत कापून देईल.)

आता वहीतला आवडत्या कुर्त्याच्या छातीचा ४२ हा आकडा काढा. चांगल्या पॅटर्नमध्ये दोन तक्ते असतात, एक अंगाच्या मापांचा आणि एक तयार कपड्याच्या मापांचा. १६ नंबरला तयार छाती ४२ किंवा त्याच्या आसपास असेल तर तो कुर्ता तुमच्या आवडीचा बसेल. ४६ असेल तर तो पसरट आहे, चित्रात कितीही नेटका दिसो. ४० असेल तर उन्हाळ्यात जाच होईल. दुसरा तक्ता दिलाच नसेल तर कागद मोजा: पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग छातीच्या रेषेवर, त्यातून माया आणि टक वजा, उरलेल्याची दुप्पट.

कापड आधी की पॅटर्न आधी

माणसं लक्ष्मी रोडला किंवा दादरला जातात, कापडाच्या प्रेमात पडतात आणि मग त्याला पॅटर्न शोधतात. मीही तेच करते. पण पहिल्या कपड्याला क्रम उलटा ठेवा.

पॅटर्नवर कोणती कापडं चालतील ते लिहिलेलं असतं, ते मनावर घ्या. ताणणाऱ्या होजिअरीसाठी काढलेला पॅटर्न पॉपलीनमध्ये शिवला तर डोक्यातून खाली जाणार नाही, कारण त्यात ढील नसते, कधीकधी तर तो अंगापेक्षाही लहान काढलेला असतो. उलट, झुळझुळत्या रेयॉनसाठी दिलेल्या चुण्या जाड खादीत पोटावर उभ्या राहतात. शिकायला केंब्रिक किंवा मऊ पॉपलीन उत्तम. घसरत नाही, इस्त्रीने घडी धरते, उसवलं तरी भोकं फारशी दिसत नाहीत. जॉर्जेट आणि क्रेप कात्रीखालीच पळतात, त्यांच्या वाटेला तूर्त जाऊ नका.

मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. परदेशी पॅटर्नवर साधारण ४५ आणि ६० इंच पन्ह्याला किती कापड लागेल ते दिलेलं असतं. आपल्याकडे सुती कापड बऱ्याचदा ४४ चं, काही ५८ चं, आणि खण तर त्याहून बराच अरुंद. आपला कुर्ता सीटला ४६ इंच तयार धरला तर पुढचा भाग २३ इंच, त्यात दोन्ही बाजूंची माया आणि खालचा घेर मिळून २६ च्या घरात जातो. ४४ च्या पन्ह्यात दोन भाग शेजारी मावत नाहीत, एकाखाली एक ठेवावे लागतात. ४२ इंच लांब कुर्त्याला अडीच मीटर लागतंच, बाह्या बाजूच्या पट्टीतून निघतात. ५८ च्या पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी बसतात आणि बाह्यांसकट पावणेदोन मीटरमध्ये काम होतं. दुकानदाराला आधी पन्हा विचारा, मग मीटर सांगा.

चौकडी, एका दिशेची छपाई किंवा मखमल असेल तर अर्धा मीटर जास्त घ्या, कारण तुकडे उलटसुलट ठेवून कापड वाचवता येत नाही. आणि सुती कापड घरी आणलं की कापायच्या आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता धाकट्या बहिणीचा होतो.

कागदावरच्या खुणा

दोन टोकांना बाण असलेली लांब रेषा म्हणजे उभा धागा. ती कापडाच्या काठाला समांतर ठेवायची, आणि नजरेने नाही, दोन्ही टोकांपासून काठापर्यंत टेपने मोजून. ही एक रेषा वाकडी गेली तर पायजम्याचा पाय नडगीभोवती फिरतो आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही. बाण तिरपा असेल तर तो तुकडा उरेब, म्हणजे क्रॉस कापायचा.

कडेला वळलेले बाण असले की ती बाजू कापडाच्या घडीवर. तिथे कात्री लावायची नाही! पाठीचे दोन तुकडे झाले की लक्षात राहतं, पण तोवर उशीर झालेला असतो. कडेची छोटी त्रिकोणी खूण दुसऱ्या तुकड्यावरच्या तशाच खुणेला जुळते. बाहीला एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन असतील तर सहसा एक पुढची आणि दोन मागची. बाही उलटी लागू नये म्हणून ही सोय आहे. पाचरीसारखा आकार म्हणजे टक. त्याचं टोक छातीच्या उंचवट्याच्या इंचभर अलीकडे संपायला हवं, तुमच्या उंचवट्याच्या, पॅटर्नच्या नव्हे.

जवळजवळ काढलेल्या दोन समांतर आडव्या रेषा दिसतील. लांबी कमी-जास्त करायची ती जागा. आपल्याला ती हमखास लागते, कारण हे पॅटर्न साधारण १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटी बाईसाठी काढलेले असतात. तक्त्यातली पाठीची लांबी आणि तुमची लांबी यांत इंचाचा फरक असेल तर कागदाला त्या रेषेवर तेवढी घडी घाला. नुसतं खालून कापलं तर कुर्ता आखूड होतो, पण कंबर आणि टक खालीच राहतात.

माया, आणि आपली सवय

अमेरिकी पाकिटांत शिवणीची माया धरलेली असते, सहसा पाच अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर. बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये ती नसते, आपण घालायची. स्वतंत्रपणे पीडीएफ विकणाऱ्यांमध्ये कुणी एक सेंटिमीटर धरतं, कुणी आणखी काही. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी ते एक वाक्य शोधा.

पण आपल्या टेलरच्या ब्लाऊजची बाजू आतून पाहिली आहे का? इंच-दीड इंच माया आणि त्यात दोन-तीन शिलाया. अंग भरलं की एक उसवायची. परदेशी पॅटर्नमध्ये ही माया जवळजवळ नसतेच. मी प्रत्येक पॅटर्नच्या बाजूच्या शिवणीला जादा अर्धा इंच वाढवते आणि बाहीच्या खालच्या शिवणीलाही तेवढाच, नाहीतर काखेत जुळत नाही. गळा आणि मुंढ्याला मात्र वाढवू नका, गोलाईवर जास्त माया आली की कापड ओढतं.

छापताना

माझा पहिला पीडीएफ पॅटर्न मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर छापून आणला. छत्तीस पानं, चिकटवायला एक अख्खी दुपार गेली. पहिल्या पानावर दहा सेंटिमीटरचा चौकोन होता, तो मोजायचा असतो हे मला माहीत नव्हतं. छापताना "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला होता. चौकोन ९.४ भरला, पण तो मी नंतर मोजला. ४२ चा कुर्ता साडेएकोणचाळीसचा झाला आणि माझ्या भाचीला छान बसला.

तेव्हा: शंभर टक्के किंवा मूळ आकार हाच पर्याय निवडा, फक्त चौकोनाचं पान आधी छापा, पट्टीने मोजा आणि मगच बाकीची पानं छापायला सांगा. पानं चिकटवायचा कंटाळा असेल तर वास्तुरचनेचे नकाशे छापणारी दुकानं शोधा, तिथे ए-झीरो कागदावर सगळा पॅटर्न एका तुकड्यात मिळतो. चौकोन तिथेही मोजा.

मूळ कागद कापू नका. तो खाली ठेवून वर पातळ ट्रेसिंग पेपर अंथरा आणि आपली मिश्र रेषा उतरवून घ्या. पुढच्या वर्षी माप बदललं की कागद पुन्हा कामी येतो.

मांजरपाटाचा कुर्ता

आवडत्या कापडाला हात लावायच्या आधी एक कच्चा कुर्ता मांजरपाटात, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडात शिवा. जुनी चादर किंवा सुती साडीही चालते. गळपट्टी नको, खालची दुमड नको, मशीनचा टाका मोठा किंवा सरळ हाताने धावदोरा. एकच बाही लावली तरी पुरे. घालून बघा, हात वर करा, खुर्चीत बसा, भाकरी थापल्यासारखे हात पुढे करा. पाठीवर ओढतंय का? काखेतून छातीकडे तिरप्या घड्या येतात का? येत असतील तर छातीला जागा कमी आहे. मानेमागे आडवी घडी साठली तर पाठीची लांबी तिथे जास्त झाली आहे. जिथे ओढतं तिथे उसवा, जिथे साठतं तिथे टाचण्या लावा आणि बदल लगेच कागदावर उतरवा, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

दुरुस्त झालेला पॅटर्न घडी घालून मोठ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा. माझ्या एकावर लिहिलंय: "१६ वरून १८, कंबरेवर एक इंच कमी, बाजूला अर्धा इंच जादा माया, केंब्रिकला छान, खादीला नको, ५८ पन्ह्यात पावणेदोन मीटर, बाही अजून पाव इंच सैल करून बघायची."